डिझाइनच्या वाटेवरची आपली माणसे

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ज्या घरात चित्र काढणारे पोर आहे त्या घरी एक संवाद हमखास होतो. पोर म्हणते, मला डिझाइनला जायचंय. वडील विचारतात, म्हणजे नक्की काय करायचं? आई विचारते, त्यात नोकरी लागते का? आणि शेजारचे काका, त्यांना कुणी विचारलेले नसताना, सांगून टाकतात, आता सगळं कॉम्प्युटरच करतो, माणूस हवाय कशाला? यातले पहिले दोन प्रश्न रास्त आहेत. तिसरे विधान त्याहून रास्त आहे आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे.

या विषयावर बोलायला कविता लिहिणाऱ्याला कशाला बोलावले, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, त्यापुढे शिकलो नाही आणि आयुष्यात एकही डिझाइन केलेले नाही. पण माझे थोरले चाचा मुंबईत एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते आणि माझे मामू आमच्या तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. या दोघांना जन्मात कुणी ‘डिझायनर’ म्हटले नाही. दोघांचेही काम माझ्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हा या धंद्याचा इतिहास मला पुस्तकाआधी घरात भेटला. नंतर उत्सुकतेने पुस्तकेही चाळली.

आधी शब्दाबद्दल दोन शब्द. ‘अभिकल्प’ असा एक शासकीय मराठी शब्द डिझाइनसाठी आहे. तो बोलताना वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘नक्षी’ म्हणावे तर ती वरवरची सजावट झाली. माझ्या मामूंना विचारले असते तर ते ‘मांडणी’ म्हणाले असते आणि मला तो शब्द बरा वाटतो. वस्तू असो, पुस्तक असो, मोबाइलचा पडदा असो, कोणत्या माणसासाठी काय कुठे मांडायचे, हे ठरवण्याचे ते काम आहे.

आता इतिहास. मराठी मुलखात छापील अक्षराची मांडणी कुणी केली, हे पाहिले तर एकही पदवीधर सापडत नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछाप म्हणजे दगडावर मजकूर उतरवून घेतलेली छपाई. हे गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकलेले. यंत्र कसे चालते ते पाहायचे आणि घरी येऊन तसेच उभे करून बघायचे, ही त्यांची शाळा. पुढे त्यांनी खिळेही पाडले.

त्यांच्या मागून आले जावजी दादाजी. जन्म १८३९ चा, घरची गरिबी, शिक्षण बेताचे. मिशनच्या त्याच छापखान्यात पोरवयात खिळे घासण्याच्या कामाला लागले. ओतून निघालेल्या शिशाच्या खिळ्याच्या कडा खरखरीत असतात, त्या घासून गुळगुळीत करायच्या. याहून हलके काम छापखान्यात बहुधा नसेल. पण खिळा रोज बोटांत धरणाऱ्या माणसाला अक्षराची जाडी, उंची, दोन अक्षरांमधली फट हे सगळे हाताने कळते. जावजींनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. अक्षरे कोरायला त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा हाताचा धनी मिळाला. निर्णयसागरचे देवनागरी अक्षर इतके देखणे निघाले, की संस्कृत ग्रंथ छापावा तर तिथेच, असा लौकिक देशभर झाला. आज जुन्या बाजारात निर्णयसागरची प्रत मिळाली तर नुसती उघडून बघा. वाचता नाही आले तरी चालेल, बघा.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. इंग्रजी मजकूर जुळवायला शंभर-सव्वाशे प्रकारच्या खिळ्यांत भागते. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे धरून काहीशे खिळे लागत. खिळे जुळवणारा कामगार दिवसभर त्या खणांसमोर उभा राहून हात नाचवत असे. म्हणून तर लोकमान्य टिळकांसारखा माणूस ‘केसरी’चे व्याप सांभाळून देवनागरी खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल, याचा विचार करत बसला होता. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली, तिच्या मागेही लिपी छापायला सोपी व्हावी हा हेतू होता. ती आज आपण लिहीत नाही, हा भाग वेगळा. एका लिपीचा यंत्राशी मेळ कसा घालायचा, हा डिझाइनचाच प्रश्न आहे आणि आपल्याकडे त्यावर राजकारणी माणसांनीही डोके खाजवले आहे. या सगळ्या खटपटीचा अभ्यास पाहायचा असेल तर बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा १९७१ चा ग्रंथ आहे. इंग्रजीत आहे, जाडजूड आहे, पण चित्रांनी भरलेला आहे.

आता शिक्षणाकडे येऊ. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. सुरुवातीचे वर्ग एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत भरत. हेतू असा सांगितला गेला, की इथल्या कारागिरांना चित्रकलेचे आणि मांडणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे. १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक विलायतेहून आले. किपलिंग वास्तूवरच्या मूर्तिकामाचे शिक्षक. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावचित्रे त्यांची आहेत. भाजी घ्यायला जाणारे लाखो लोक त्याखालून जातात आणि वर बघत नाहीत. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवल्या. मशाली आणि आरशांचा काळ तो. त्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडनमध्ये १८८५ साली आगीत जळाल्या. पण त्या मुलांच्या हातात जे उतरले होते ते कसे जळेल? व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिले, तेव्हा त्याच्यावरचे मोर, माकडे, पाने, फुले यांचे कोरीवकाम याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. लोकलची वाट पाहताना कधी खांबाच्या माथ्याकडे मान वर करून पाहा.

इथे एक गोष्ट मला टोचते, ती बोलून दाखवतो. शाळा काढली कारागिरांसाठी, पण कारागिराच्या पोराला चार-पाच वर्षे कमाई सोडून शाळेत बसणे परवडणारे नव्हते. सुताराचे, सोनाराचे, विणकराचे पोर बापाच्या हाताखाली बसूनच शिकत राहिले. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या, हा ती दरी बुजवण्याचा प्रयत्न होता. दरी काही बुजली नाही. आजही मिरजेला जा. सतारमेकरांची मुस्लिम घराणी दीडशे-पावणेदोनशे वर्षे तिथे सतारी आणि तानपुरे करताहेत. पंढरपूरकडच्या शेतात पिकलेला भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळे हातावर आणि कानावर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गवयाच्या मांडीला, खांद्याला, गळ्याच्या पट्टीला बेतून वाद्य करायचे, याहून चोख डिझाइन कोणते? पण त्या घरातल्या पोराला डिझाइनच्या प्रवेश परीक्षेचे नाव ठाऊक असेल की नाही, याची मला शंका आहे. आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यालाही मिरज बहुधा रेल्वे जंक्शन म्हणूनच ठाऊक असते.

असो. जे. जे.त १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. गिरण्या होत्या, साबण होते, सिनेमा होता, जाहिराती हव्या होत्या. १९६१ साली त्या विभागाची स्वतंत्र संस्था झाली, उपयोजित कलेची. मराठी वाचकाने ज्या माणसांच्या मांडणीवर आपली नजर घडवली, त्यातले कितीतरी या वर्तुळातले. गोव्यात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल घ्या. १९४५ पासून त्यांचा ‘दीपावली’ अंक आणि शेकडो पुस्तकांची मुखपृष्ठे. कथा वाचण्याआधी वाचक दलालांचे चित्र वाचत असे. कमल शेडगे घ्या. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत त्यांनी काढलेले नाव पाहिले, की नाटक हसवणार आहे की रडवणार आहे, ते तिकिटाआधी कळायचे. २०२० साली ते गेले. मराठी अक्षराला चेहरा असतो, हे माझ्या पिढीला शेडग्यांमुळे कळले.

आणि एम. एफ. हुसेन. जन्म पंढरपूरचा. मुंबईत आल्यावर या माणसाने पोटासाठी सिनेमाची होर्डिंगे रंगवली, नंतर लाकडी खेळण्यांची आणि फर्निचरची डिझाइने केली. त्यांच्या पुढच्या चित्रातली ती लांब, बेधडक रेषा परातीवर बसून रंगवणाऱ्याची नाही. ती शिडीवर उभे राहून दहा फुटी चेहरा रंगवणाऱ्याची आहे, असे मला वाटत आले आहे. जाणकारांनी हवे तर खोडून काढावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. कारखाने आले, यंत्रावर हजारांनी वस्तू निघू लागल्या आणि त्यांना आकार कुणी द्यायचा हा प्रश्न आला. भारत सरकारने अमेरिकेतले डिझायनर जोडपे चार्ल्स आणि रे ईम्स यांना बोलावले. ते काही महिने देशभर हिंडले आणि १९५८ साली एक छोटासा अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचे केले असेल? ताजमहालाचे नाही. लोट्याचे. आपल्या पाणी प्यायच्या, भरायच्या लोट्याचे. हा लोटा कुणा एका माणसाने केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवला, असे सांगून त्यांनी प्रश्नांची रांग लावली. त्यात पाणी किती मावते? तो धरणारा हात बाईचा की पुरुषाचा? डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे? ओतताना धार कशी पडते? आतून घासायला हात जातो का? किंमत काय? आपटला तर आवाज कसा येतो? डिझाइनचा अभ्यासक्रम याहून थोडक्यात कुणी सांगितला असेल असे मला वाटत नाही. या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, जिला आपण एनआयडी म्हणतो.

हा अहवाल मी बऱ्याच उशिरा वाचला आणि वाचताना मामूंची आठवण येऊन हसू फुटले. मामूंकडे दूध डेअरीचा मालक पाटी सांगायला आला, की मामू विचारायचे, दुकान रस्त्याच्या कुठल्या अंगाला? गिऱ्हाईक चालत येतं की सायकलवरनं? सकाळचं ऊन पाटीवर पडतं की पाठीमागं? समोर झाड आहे का, आणि ते वाढणार आहे का? मालक वैतागायचा. “अहो पेंटर, नुसतं ‘दूध डेअरी’ लिवायचंय.” मामू म्हणायचे, “लिवतो की. पण कुणी वाचायला नको व्हय?” मग सुताला खडूची भुकटी लावून ते पत्र्यावर टणकन सूत मारायचे, रेघ उमटायची. आधी डोक्यावरची रेघ, मग तिच्या वर मात्रा-वेलांटीला जागा, खाली उकाराला जागा. ‘दूध’ लिहायचे तर खाली दीर्घ ऊकार येणार, ‘डेअरी’ला वर मात्रा आणि वेलांटी येणार, मधल्या अक्षराची उंची त्यातून उरेल तेवढीच. इंग्रजी पाटीला ही कटकट नसते. इंग्रजीच्याच मापाने मराठी बसवली की अक्षर चेपते. आजच्या अनेक मोबाइल ॲपमध्ये मराठी मात्रा कापलेल्या दिसतात, त्याचे कारण तेच आहे. पडद्याची ओळ इंग्रजीच्या मापाने आखलेली असते. मामूंनी ती चूक पत्र्यावरही केली नसती.

चाचांचे काम आणखी वेगळे. कातिब म्हणजे उर्दू मजकूर हाताने, छापण्याजोग्या अक्षरात लिहून देणारा. उर्दूचे नस्तालीक वळण तिरके उतरते, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढतात, म्हणून शिशाच्या खिळ्यांत ते नीट कधीच बसले नाही. त्यामुळे मराठी, इंग्रजी पत्रे खिळ्यांवर निघत होती तेव्हाही उर्दू वर्तमानपत्र संपूर्ण हाताने लिहिले जाई आणि त्यावरून छापले जाई. रात्री सात-आठ कातिब ओळीने बसलेले, गुडघ्यावर फळी, हातात बोरू. अक्षराचे माप बोरूच्याच ठिपक्याने घ्यायचे. अलिफ इतक्या ठिपक्यांचा उंच, बे इतक्या ठिपक्यांचा लांब. लहानपणी मी सुट्टीत मुंबईला गेलो, की चाचा मला नुसते ठिपके काढायला बसवायचे. मराठी शाळेत कित्ता गिरवणाऱ्यालाही हे ठिपके अवघड जात. बोरूचा कोन जरा फिरला की चौकोन बिघडतो.

१९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी ‘नूरी नस्तालीक’ नावाचा टाइप सिद्ध केला. मोनोटाइप या इंग्रज कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी हजारो जोडअक्षरे स्वतःच्या हाताने लिहिली. ते स्वतः सुलेखनकाराच्या घरातले आणि ‘नूरी’ हे नाव त्यांच्या वडिलांवरून. खिळ्यांना जे जमले नाही ते संगणकाला जमले. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीत ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर तयार झाले आणि साध्या संगणकावर नस्तालीक टंकता येऊ लागले. दोन-चार वर्षांत रात्रपाळीच्या त्या फळ्या उचलल्या गेल्या. चाचांच्या वर्तमानपत्राने त्यांना एक महिन्याचा पगार हातावर ठेवला आणि शुक्रिया म्हटले. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर. चाचा गावी परतले, लग्नाच्या पत्रिका लिहीत, कबरीवरच्या दगडाचा मजकूर लिहून देत. कटुता नव्हती म्हणणार नाही, होती. पण नूरी नस्तालीकचा छापील कागद त्यांच्या हातात दिला तर ते भिंगातून बघत आणि म्हणत, “लिखनेवाले का हाथ अच्छा है.”

ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी सांगतो, कारण करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत बहुधा एकच बाजू सांगतात. यंत्राला अक्षर आले ते एका उत्तम कातिबाकडून आले. त्याच यंत्रामुळे शेकडो चांगल्या कातिबांची लेखणी खाली ठेवली गेली. दोन्ही खरे आहे. मामूंच्या बाबतीत तेच झाले. २००० नंतर गावोगावी फ्लेक्स आले. चार दिवसांची पाटी चार तासांत, तीही मालकाच्या रंगीत फोटोसह. मामूंना शेवटी एका फ्लेक्सवाल्यानेच बोलावले, मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तपासायला.

आता शेजारच्या काकांचे विधान पुन्हा घेऊ. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशी आली आहेत, की दोन ओळी लिहा आणि चित्र तयार. पोस्टर, बोधचिन्ह, पुस्तकाचे मुखपृष्ठ, सगळे. मित्रांनो, ज्याला फक्त दिसायला बरे चित्र करता येते, त्याच्या कामावर गदा येणार, किंबहुना आलेलीच आहे. तुम्हाला खोटा धीर देऊन मला काय मिळणार? पण ‘गिऱ्हाईक कुठल्या बाजूने येतं’ हे त्या यंत्राला कुणीतरी सांगावेच लागते. ते विचारायला डेअरीपर्यंत चालत जावे लागते.

याची एक दोन उदाहरणे अलीकडची. पवईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले, सगळे त्याला आयडीसी म्हणतात. ते उभे करणारे सुधाकर नाडकर्णी मूळचे जे. जे.चे विद्यार्थी, पुढे जर्मनीत उल्म इथल्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत शिकून आलेले. त्याच केंद्रात १९८३ पासून र. कृ. जोशी शिकवू लागले. हेही जे. जे.चे. वीसेक वर्षे जाहिरात क्षेत्रात काढलेले आणि, मला अभिमान वाटतो म्हणून सांगतो, मराठीतले कवी. अक्षरांच्या मांडणीतूनच कविता करणारे कवी. पुढे सी-डॅकमध्ये त्यांनी भारतीय भाषांच्या संगणकीय अक्षरांवर काम केले. विंडोज २००० या प्रणालीसोबत ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला, तो त्यांचा. पुढची कितीतरी वर्षे आपल्या सरकारी परिपत्रकापासून प्रेमपत्रापर्यंत सगळे मंगलमध्ये टंकले गेले. २००८ साली जोशी गेले. मंगल कितपत सुंदर आहे यावर वाद घालणारे आहेत, घालावा. पण कोट्यवधी लोकांना आपली लिपी पडद्यावर दिसली, ती त्या अक्षरात.

आणि रुपयाचे चिन्ह. केंद्र सरकारने स्पर्धा घेतली, तीन हजारांहून अधिक चिन्हे आली. १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांचे चिन्ह निवडले गेले. ते याच आयडीसीत तमिळ अक्षरांवर पीएच.डी. करत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात, वर शिरोरेघ. काढायला दोन सेकंद लागतात. तिथवर पोचायला लिपीचा किती अभ्यास लागला असेल, ते तुम्हीच ताडा. आज मुंबईतलीच ‘एक टाइप’ ही तरुण मंडळींची संस्था ‘मुक्ता’, ‘बालू’ असे देवनागरीसह अनेक लिप्यांचे फाँट करते आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. म्हणजे खिळे घासणाऱ्या जावजींची वाट बंद झालेली नाही.

आता ज्यांच्यासाठी हे भाषण आहे त्यांच्याशी थोडे व्यवहाराचे. ढोबळ दोन वाटा आहेत. एक, उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी, बी.एफ.ए. जे. जे.शिवाय नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी कला महाविद्यालये आहेत. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे पाहावे लागतील. दुसरी वाट बी.डेस.ची. आयडीसीसारख्या संस्थांसाठी यूसीड नावाची परीक्षा, एनआयडीची वेगळी, आणि कपड्यांच्या क्षेत्रात जायचे तर निफ्टची वेगळी. यूसीड किंवा एनआयडीला बारावीची शाखा आडवी येत नाही. आर्ट्सला घातले म्हणून दार बंद झाले, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा देऊन टाका. हात बसतो, दहावीला थोडे वाढीव गुणही मिळतात.

पालकांना एक विनंती. सरकारी आणि खासगी संस्थांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीला एका खासगी संस्थेने चकचकीत पुस्तिका दाखवून, शंभर टक्के नोकरीचे वचन देऊन प्रवेश दिला. घरच्यांनी त्यासाठी शेत गहाण टाकले. दुसऱ्या वर्षी कळले, की निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत आणि कार्यशाळेचे यंत्र उद्‌घाटनापुरते चालू होते. प्रवेश घेण्याआधी तिथे जा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून बोला, त्यांनी हाताने केलेले काम बघायला मागा. पुस्तिका घरीच राहू द्या.

आणि खेड्यापाड्यातल्या, उर्दू-मराठी शाळांतल्या मुलांना वेगळे सांगतो. प्रवेश परीक्षेचा पेपर इंग्रजीत बघून घाबरायला होते, हे मला मान्य आहे. शहरातली मुले महागड्या क्लासला जातात, तिथे त्यांना ठराविक विषयांची ठराविक चित्रे घोटून देतात, हेही खरे. पण या परीक्षांत निरीक्षणाचे प्रश्न असतात. बैलगाडीचे चाक कसे बसवलेले असते, चुलीचे तोंड कुठल्या बाजूला ठेवतात, हातमागावर धोटा कसा जातो, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याच्याकडे भांडवल आहे. ते कागदावर उतरवायची सवय तेवढी हवी. एक साधी वही घ्या. रोज एक वस्तू काढा आणि ईम्सनी लोट्याला विचारले तसे चार प्रश्न तिला विचारून उत्तरे शेजारी लिहा, मराठीत लिहिली तरी चालतील. आठवड्याच्या बाजारात जाऊन जुन्या रंगवलेल्या पाट्या उतरवून घ्या. ‘ल’, ‘श’, ‘ळ’ प्रत्येक पेंटरने कसे काढले आहेत ते टिपा. त्या पाट्या भराभर पुसल्या जात आहेत. अजून एखादा पेंटर हयात असेल तर त्याच्याकडे बसा, चहा पाजा, सूत कसे मारतात ते शिकून घ्या. मुलाखतीच्या वेळी अशी वही पुढे ठेवली, की परीक्षक पाने उलटत राहतो, असे तिथे शिकवणाऱ्या एका मित्राने मला सांगितले आहे.

यूसीडचे फॉर्म बहुधा दिवाळीच्या आसपास निघतात, परीक्षा जानेवारीत असते. बाकीच्यांच्या तारखा थोड्या मागेपुढे. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, आणि ती आई-वडिलांना शेजारी बसवून वाचा.